माझा मित्र वाईट नाही

माझा एक मित्र आहे. आम्ही दोघेही अकोल्याच्या जुन्या शहरातले. श्रावणात राजराजेश्वराची कावड निघते तेव्हा तो गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर आणतो. कुणाला रक्त हवे असले की रात्री-बेरात्री सायकल काढतो. अशा माणसाला वाईट कोण म्हणेल? पण एका गोष्टीवरून गेल्या वर्षी आमचे चांगलेच वाजले. ती गोष्ट येथे सांगतो, कारण असे मित्र वाचकांपैकी पुष्कळांना असतील.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. बोलणे मऊ, चालणे जरा निराळे. त्याला ‘बायल्या’ म्हणत. बाकावर नको ते लिहून ठेवत. दिवाळीनंतर त्याने कॉलेजात येणे सोडले. तो समलिंगी आहे की नाही हे मला ठाऊक नाही, आणि ते विचारण्याचा मला अधिकारही नाही. मात्र त्याला हसणाऱ्यांत दोन-तीनदा मीही होतो, हे कबूल केले पाहिजे. माझा मित्र कधी हसला नाही, पण कधी बोललाही नाही. मोर्णेच्या पुलावर मी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, “मी कोनाले तरास देत नाई बाप्पा. ज्याचं त्याले. मंग मी काहून बोलू?”

मी रागावून त्याला मागासलेला म्हटले. तो उठून गेला. चूक माझीच होती. शिवी देऊन कोणी पटत नाही. आपल्या वऱ्हाडातल्या गाडगेबाबांची रीत निराळी होती. ते कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढीत. मीही तेच करायचे ठरवले.

त्याचा पहिला आक्षेप होता, हे खूळ विलायतेतून आले. मी विचारले, मग कायदा कुठून आला? समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ कलम इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत घातले. म्हणजे विलायतेतून माणसे आली नाहीत, शिक्षा आली. आणि आपल्याकडे याविषयी कोणी बोललेच नाही असेही नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढीत. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचा प्रश्नही होता. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर! खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण गोलमेज परिषदा गाजवून आलेल्या बाबासाहेबांना हे वकीलपत्र कमीपणाचे वाटले नाही. हे ऐकून माझा मित्र बराच वेळ गप्प राहिला.

दुसरा आक्षेप, हा आजार आहे. मी विचारले, “तुले पोरी आवडतात हे तू कोन्या तारखेले ठरवलं?” तो हसला. म्हणाला, “ठरवा लागते काय लेका?” मग दुसऱ्यानेही ठरवलेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता १७ मे १९९० रोजी आजारांच्या यादीतून काढून टाकली. जो आजारच नाही, त्याला औषध काय करणार?

तिसरा आक्षेप, आता कायदा झाला, मग बोलायचे कशाला? कायदा झाला हे खरे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. १ जुलै २०२४ पासून तर ती इंग्रजी दंड संहिताच गेली. पण समलिंगी जोडप्याच्या लग्नाला मात्र न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्यता दिली नाही. शिवाय, न्यायालय दिल्लीला आणि आपला बाक अकोल्याला. बाकावर लिहिलेले पुसायला न्यायमूर्ती येत नाहीत.

येथे मी त्याला डॉ. श्रीनिवास सिरस यांची हकिकत सांगितली. ते आपल्या विदर्भातले, नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवीत. त्यांच्या ‘पाया खालची हिरवळ’ या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण त्यांच्या घरात घुसले आणि त्यांचे एका पुरुषाबरोबर खाजगीत चित्रण केले. घुसणाऱ्यांऐवजी निलंबित झाले ते सिरस सर! निवृत्ती काही महिन्यांवर आलेली. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते राहत्या घरी मृतावस्थेत सापडले. मराठी शिकवणारा एक मास्तर, आपल्या मुलखापासून इतक्या दूर. कोर्ट त्यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा त्यांच्याजवळ सहा दिवस उरले होते. शेजारीपाजारी असे किती असतील, जे म्हणाले असतील, “आम्ही तर काही त्रास दिला नाही”?

तरीही मित्र म्हणाला, “पन मी बोलून काय होते?” याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते त्याच्याजवळच होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पहिल्या दिवशी वर्गात ओळख करून देताना माझ्या तोंडून “माया बाप हमाल हाय” असे निघाले आणि सारा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून जायचेच नाही असे मी मनाशी ठरवत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “याच्यात हासन्यासारखं काय हाय?” तो हाच मित्र. त्याआधी तो मला ओळखतही नव्हता.

मी म्हटले, “तवा तू काहून बोलला होता?” तो काही बोलला नाही. आम्ही पुलावरून उतरून घरी आलो.

आठवड्याने कॅन्टीनमध्ये एकाने त्या मुलाच्या चालण्याची नक्कल केली. मित्र चहा पीत होता. पेला ठेवून म्हणाला, “याच्यात हासन्यासारखं काय हाय?” कोणी विचारले, “तो तुझा कोण लागतो?” म्हणाला, “आपल्या वर्गातला हाय.” हसणे अर्धवट राहिले.

परीक्षेचे फॉर्म निघाले तेव्हा आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने पाणी दिले. मी माझ्या हसण्याबद्दल त्याची माफी मागितली. तो फारसे बोलला नाही, पण शेवटच्या तारखेला त्याने फॉर्म भरला. परीक्षेला तो येईल. वर्गात येईल की नाही, हे मात्र आपण बाकांवर काय लिहितो आणि कशाला हसतो यावर आहे.