विश्लेषण : विमान कंपनीने छोट्या शहराची सेवा बंद केली, तर सरकार काय करू शकते?

ऑक्टोबर 2024मध्ये अलायन्स एअरचे मुंबई-सिंधुदुर्ग विमान बंद झाले. चिपी विमानतळाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021चे. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे त्या दिवशी एकाच व्यासपीठावर आले आणि विमानापेक्षा त्यांच्या टोलेबाजीचीच चर्चा जास्त झाली. मुंबईचे विमान मात्र जेमतेम तीन वर्षे टिकले. ऑगस्ट 2024मध्ये फ्लाय 91ची पुणे सेवा सुरू झाल्यामुळे विमानतळ ओस पडला नाही, इतकेच. अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो : सरकार कंपनीला विमान चालू ठेवायला भाग का पाडत नाही?

सरकारला तसा अधिकार आहे का?

जवळपास नाही. 1994मध्ये सरकारी विमान कंपन्यांची मक्तेदारी संपवणारा कायदा झाला. तेव्हापासून कुठून कुठे उडायचे आणि तिकीट किती ठेवायचे, हे कंपन्या ठरवतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, वेळापत्रकाला मंजुरी देते, सुरक्षा तपासते. तोट्यातला मार्ग चालवाच, असे सांगत नाही.

एक बंधन आहे, ते मार्ग वाटपाच्या नियमांचे. मुंबई-दिल्लीसारख्या गजबजलेल्या मार्गांवर कंपनी जितकी क्षमता वापरते, त्याच्या 10 टक्के ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप अशा भागांसाठी आणि 35 टक्के उर्वरित मार्गांसाठी वापरावी लागते. पण हे 35 टक्के कुठे, हे कंपनीच्या मर्जीवर. पुणे-नागपूर उडूनही अट पूर्ण होते. सिंधुदुर्ग, जळगाव किंवा नांदेडला त्यातून काही हक्क मिळत नाही.

मग ‘उडान’ योजना कशासाठी?

हुकूम देता येत नाही म्हणून पैसे देण्याचा मार्ग निवडला गेला. ऑक्टोबर 2016मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’मध्ये विमानातल्या साधारण निम्म्या जागा ठरावीक दराने विकायच्या असतात. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला हा दर 2,500 रुपये होता. त्यामुळे येणारी तूट सरकार भरून देते. या मदतीत बहुतेक राज्यांचा वाटा 20 टक्के, उरलेला केंद्राच्या निधीतून. हा निधीही मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून उभा केलेला. म्हणजे मुंबई-बंगळूरु उडणारा प्रवासी नकळत सिंधुदुर्गच्या तिकिटाला हातभार लावतो.

राज्य आणखीही काही देते. या विमानतळांवर विमान इंधनावर 1 टक्का किंवा त्याहून कमी मूल्यवर्धित कर, मोफत पोलीस आणि अग्निशमन सेवा, सवलतीत वीज-पाणी. इंधन जीएसटीबाहेर असल्याने ही सवलत मोठी आहे. महाराष्ट्राने मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा कर 25 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणला तो 2023च्या अर्थसंकल्पात.

मात्र तुटीची भरपाई तीन वर्षांचीच. त्या काळात मार्ग आपल्या पायावर उभा राहील, असे गृहीत धरले आहे. हे गृहीतकच कच्चे ठरले. महालेखापरीक्षकांच्या (कॅग) 2023मधील अहवालानुसार, योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371पैकी 112 मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली. मदत संपल्यावरही मार्च 2023पर्यंत टिकले ते 54.

सिंधुदुर्गात काय घडले?

मुंबई-सिंधुदुर्ग मार्गही ‘उडान’मधला. मुदत संपली, मदत थांबली आणि विमानही थांबले. यातली बोचरी बाब अशी, की एअर इंडिया टाटांकडे गेल्यानंतरही अलायन्स एअर केंद्र सरकारच्याच मालकीची राहिली. सरकारी कंपनीलाही सरकार थांबवू शकले नाही, किंवा थांबवायचे नव्हते, तर खासगी कंपनीचे काय?

दरम्यान परिस्थितीही बदलली होती. जानेवारी 2023मध्ये सिंधुदुर्गच्या सीमेलगत गोव्याचा मोपा विमानतळ सुरू झाला. बांदा, सावंतवाडीच्या माणसाला तिथून अनेक शहरांची विमाने मिळू लागली. जून 2023मध्ये कणकवलीला थांबणारी मुंबई-मडगाव वंदे भारत आली. दिवसातून एक, तेही येईल की नाही याची खात्री नसलेले विमान, अशा सेवेला या स्पर्धेत टिकायला भाडे नव्हे, भरवसा लागतो. गणपतीला गाडीचे आरक्षण मिळत नाही म्हणून विमानाने येणारा चाकरमानी एकदा अडकला की पुढच्या वर्षी मोप्याचे तिकीट काढतो.

आणि इथेच सरकारची खरी जबाबदारी येते. रात्री विमान उतरण्याची सोय, कमी दृश्यमानतेत वैमानिकाला मदत करणारी यंत्रणा, विमानतळापर्यंत बस आणि मुंबईत सोयीच्या वेळेचा स्लॉट, यातली एकही गोष्ट विमान कंपनी स्वतः उभी करू शकत नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथला मोक्याचा स्लॉट 180 आसनी विमानाऐवजी 70 आसनी विमानाला द्यायला कोण तयार होईल? 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावर छोट्या शहरांसाठी जागा राखली, तर ही अडचण सुटू शकते.

इतर देश काय करतात?

अमेरिकेत 1978मध्ये विमान कंपन्या मोकळ्या झाल्या, तेव्हाच छोट्या शहरांसाठी वेगळी तरतूद झाली. त्या योजनेत कंपनीला 140 दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. बदली कंपनी मिळेपर्यंत वाहतूक विभाग तिला सेवा सुरू ठेवायला लावू शकतो आणि त्या काळातले नुकसान भरून देतो. मार्च 2022मध्ये स्कायवेस्टने वैमानिक अपुरे असल्याचे सांगत 29 शहरांतून माघार घेण्याची नोटीस दिली, तेव्हा विभागाने तिला रोखून धरले होते. आपल्याकडे ईशान्य भारत, बेटे आणि लडाखची सेवा बंद करण्याआधी मंत्रालयाला कळवावे लागते. महाराष्ट्रातल्या शहरांसाठी तेवढेही नाही.

राज्य सरकार स्वतः काय करू शकते?

सोलापूरसाठी राज्याने 2025मध्ये केंद्राची वाट न पाहता एक वर्षाची तूट स्वतः भरण्याचे ठरवले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये मुंबई-सोलापूर विमान सुरू झाले. हा उपाय झटपट आहे. वर्ष संपल्यावर पुन्हा तोच हिशेब मांडावा लागतो. केंद्राने 2025च्या अर्थसंकल्पात 120 नव्या ठिकाणांसाठी सुधारित ‘उडान’ जाहीर केली. त्यात नव्या ठिकाणांइतकाच बंद पडलेल्या जुन्या मार्गांचा विचार होतो का, हे पाहावे लागेल.

तिकीट आधीच काढले असेल तर?

डीजीसीएच्या नियमानुसार विमान रद्द झाल्यास कंपनीने पर्यायी विमान द्यावे किंवा पूर्ण पैसे परत करावेत. वेळेत कळवले नाही, तर एक तासापर्यंतच्या प्रवासासाठी 5,000 रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यातली कमी रक्कम भरपाई म्हणून मिळते. दोन आठवडे आधी कळवले असेल, तर भरपाई नाही. आणि त्या विमानतळावरून त्या शहराला दुसरी कोणतीही कंपनी उडत नसेल, तर प्रवाशाच्या हाती प्रत्यक्षात तिकिटाचे पैसेच राहतात.