शिवनेरी कुणाचा, जुन्नर कुणाचे?

शिवनेरी चढून, शिवाईचे दर्शन घेऊन उतरणारे बहुतेक जण एक गोष्ट गृहीत धरतात: शिवाजी महाराजांचे जन्मस्थान आहे, म्हणजे गड त्यांच्या राज्यात असणारच. तसे नव्हते. 1636 मध्ये निजामशाही बुडाली आणि जुन्नर मोगलांकडे गेले. महाराजांच्या हयातीत गड त्यांच्या हाती आला नाही. मराठ्यांना तो मिळाला पुढे, अठराव्या शतकात.

दुसरा समज असा की 1657 मध्ये महाराजांनी जुन्नर जिंकले. प्रत्यक्षात त्या वर्षी एका रात्री दोरांच्या शिड्यांवरून तट ओलांडून मावळे शहरात शिरले आणि 200 घोडी, 3 लाख होन घेऊन निघून गेले. शहर राखायला बसले असते तर वर मोगली गड आणि खाली ते, अशी कोंडी झाली असती. औरंगजेबाने आपल्या सरदाराला, नसीरी खानाला, पाठवले खरे, पण पाऊस सुरू झाला आणि मोहीम अडली.

मग एवढी फौज असलेल्या मोगलांनी तरी मुलूख सुखाने राखला असेल? इथेच खरी मेख आहे. जुन्नरची पेठ नाणेघाटाच्या वाहतुकीवर जगायची आणि घाटाची खालची वाट कल्याणला जाते. ते कल्याण महाराजांनी 1657 च्या अखेरीस घेतले, 1661 मध्ये मोगलांनी परत घेतले, 1670 मध्ये पुन्हा गमावले. वाटेचे एक टोक दुसऱ्याच्या ताब्यात असताना वरच्या ठाण्याने जकात वसूल करायची कशी? पश्चिमेला, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात, महादेव कोळ्यांची वस्ती. मोगली साराआकारणीविरुद्ध त्यांच्या नाईकांनी बंड केले. ते चिरडून कित्येकांना शिवनेरीवर मारल्याचे गॅझेटियर सांगते; गडावरचा काळा चबुतरा त्याचीच खूण मानतात. पण दहशतीने रान शांत झाले, हाही गैरसमजच. घाटवाटा शेवटी त्याच लोकांना ठाऊक होत्या.

1670 च्या दशकात जुन्नरला आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर लिहितो की गडावर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढा साठा होता. माझ्या मते हे जेवढे बळाचे लक्षण, तेवढेच धास्तीचेही.

फितुरीने कोणताही गड पडतो, असेही सर्रास म्हणतात. शिवनेरीचा मोगल किल्लेदार अब्दुल अझीझ खान याने गड देण्याच्या बोलीवर महाराजांचे पैसे घेतले आणि बातमी मोगल सरदार बहादूरखानाला दिली. आलेल्या मराठी फौजेवर छापा पडला. 1678 मध्ये सुमारे 300 माणसे रात्री तटावर चढली, तीही बहुतेक कापली गेली. लपून राहिलेले सकाळी सापडले, त्यांना किल्लेदाराने भेटी देऊन सोडले आणि महाराजांना निरोप धाडला: मी किल्लेदार आहे तोवर हा गड तुम्हाला मिळणार नाही. गडाबद्दल त्याचे बोलणे खरे ठरले. खालच्या मुलखाबद्दल तो काही बोलला नाही.