स्वस्त गिटार बेसूर का वाजते?

आमचा भाचा यावलला अकरावीत शिकतो. सुट्टीत आजोबांच्या केळीच्या बागेत केलेल्या कामाचे पैसे आणि आजीने घातलेली भर मिळून त्याच्याकडे नऊ हजार रुपये जमले. त्यातून त्याने एक इलेक्ट्रिक गिटार मागवली. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला, “मामा, हे काही मले जमत नाही. माझा कानच बेसूर आहे.” पुढे आम्ही यावलला गेलो तेव्हा गिटार कपाटावर पडून होती. ती खाली काढून तपासली. कान उत्तम होता, बेसूर होती ती गिटार.

अशी मुले आता तालुक्याच्या गावांतही भेटतात. घरात कोणाला या वाद्याची माहिती नसते, त्यामुळे घेण्यापूर्वी विचारायला ती शाळेत शिक्षकांकडेच येतात. त्यांना उत्तर देण्यासाठी गिटार वाजवता येण्याची गरज नाही. अकरावीचे भौतिकशास्त्र आणि एक मिलिमीटरची पट्टी एवढ्यावर बरेच काम होते.

प्रथम विजेचा भाग पाहू. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा वरातीत कर्ण्यावरून वाजणारा बेंजो आपण सर्वांनी ऐकला आहे. १९१२ साली जपानमध्ये नागोया येथे गोरो मोरिता यांनी तयार केलेले ताइशोगोतो हे वाद्य आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाले, आणि त्याच्या तारांजवळ पिकअप बसवून मिरवणुकीचा बेंजो झाला. इलेक्ट्रिक गिटारमध्येही पिकअपच असतो. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे, बस्स एवढेच. वर ताणलेली पोलादी तार चुंबकामुळे स्वतः किंचित चुंबकित होते. ती थरथरली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र तितक्याच वेळा कमीजास्त होते आणि फॅरडेने १८३१ साली दाखविल्याप्रमाणे वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. शाळेत हे सहज करून पाहता येईल. फळीवर सतारीची पोलादी तार ताणावी, तिच्याखाली जुन्या रिलेचे वेटोळे व चुंबक ठेवावा आणि वेटोळ्याची टोके शाळेच्या ॲम्प्लिफायरच्या माइकच्या तोंडाला जोडावीत. नंतर पोलादी तारेच्या जागी पितळी तार लावावी. आवाज जवळजवळ नाहीसा होईल, आणि का, ते मुलांनाच सांगू द्यावे.

एवढी साधी वस्तू आता कारखान्यात फार स्वस्तात निघते. म्हणून स्वस्त गिटारीचा पिकअप सहसा तिचे दुखणे नसतो. लाकडाचेही तसेच. दुकानदार लाकडाच्या जातीबद्दल बरेच बोलतात, पण १९३२ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या, पुढे रिकनबॅकर नावाने ओळखल्या गेलेल्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारींचे अंग चक्क ॲल्युमिनियमचे होते, आणि लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा ताणून गिटार केली होती. लाकडाने सुरात किती फरक पडतो यावर वादक आजही भांडतात. नवशिक्याने त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये, असे आमचे मत आहे.

मग सूर बिघडतो कुठे? सतारीशी तुलना केली की हे चटकन कळते. मिरजेत बनणाऱ्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. सूर चुकला तर वादक पडदा थोडा सरकवतो. गिटारीचे पडदे मात्र लाकडात ठोकून कायमचे बसवलेले असतात. कारागिराने केलेला हिशेब वादकाला जन्मभर पाळावा लागतो. त्या हिशेबात सप्तकाचे बारा समान भाग पाडायचे असतात. म्हणजे प्रत्येक पडद्यागणिक कंपनसंख्या १.०५९५ पट झाली पाहिजे. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असेल तर पहिला पडदा ३६.४ मिलिमीटरवर येतो, आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर. पूर्वीचे कारागीर उरलेल्या लांबीचा अठरावा भाग घेत पुढे जात. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ साली हाच नियम सांगितला होता. विद्यार्थ्यांना १७/१८ चा बारावा घात काढायला सांगावा. उत्तर ०.५ नाही, ०.५०३६ येते, म्हणजे बारावा पडदा दोन मिलिमीटरहून थोडा अधिक मागे राहतो आणि सूर उतरतो.

तो उतरलेला सूर त्या काळी थोडाफार भरून निघत असे, कारण तार दाबली की ती ताणली जाते आणि तिचा सूर चढतो. आमच्या भाच्याच्या गिटारीचा घोटाळा नेमका इथेच होता. आजकाल पडद्यांच्या खाचा यंत्राने पाडतात, त्यामुळे स्वस्त गिटारीतही पडदे बहुधा जागच्या जागी असतात. पैसे वाचवतात ते शेवटच्या हातकामात. मानेच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीला नट म्हणतात. या खाचा एकेक करून कानशीने खोल कराव्या लागतात. ते काम अर्धवट सोडले की तारा उंच राहतात. पहिल्या पडद्यावर तार दाबण्यासाठी बोट दुखेपर्यंत जोर लागतो, आणि त्या जोराने ताण वाढतो. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताण अडीच टक्के वाढला तर सूर सुमारे सव्वा टक्का चढतो. दोन शेजारच्या स्वरांतील अंतर सहा टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा इथेच गेला!

आम्ही फोनवरच्या स्वरमापकाने पाहिले. मोकळी तार अचूक, पहिल्या पडद्यावर पाव स्वरांतर चढलेली, बाराव्यावर जवळजवळ ठीक. चढ मानेच्या टोकाकडे जास्त होता, म्हणजे दोष नटचाच. भाचा मोकळ्या तारा जुळवी तेव्हा पडद्यावरचे सूर बिघडत. पडद्यावरचे जुळवी तेव्हा मोकळ्या तारा बिघडत. त्याला हे ऐकू येत होते, म्हणूनच तर तो वैतागला होता. तार तिसऱ्या पडद्याशी दाबली असता पहिल्या पडद्यावर कागद जेमतेम जाईल एवढी फट हवी. तिथे पोस्टकार्डाची दुहेरी घडी आरामात जात होती. ओळखीच्या सोनाराकडून बारीक कानस आणली आणि थोडे थोडे घासत, दर वेळी मोजत, दुपारभरात काम संपवले. जास्त घासले तर तार पडद्यावर खडखडते आणि नवी पट्टी बसवावी लागते, म्हणून घाई करू नये.

दुकानात जाणाऱ्या मुलाला मात्र दुसरी एक चाचणी शिकवावी. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसते टेकवून छेडले की घंटेसारखा वरच्या सप्तकातला सूर येतो. मग तिथेच तार दाबून छेडावी. दोन्ही सूर एकच हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर घोडीवरचा त्या तारेचा स्क्रू फिरवून आधार मागे न्यायचा, उतरलेला असेल तर पुढे आणायचा. सहाही तारांवर ही चाचणी करू न देणाऱ्या दुकानातून गिटार घेऊ नये. घोडी पक्की घ्यावी. दांडीने हलणाऱ्या स्वस्त घोडीत एक तार जुळवताना बाकीच्या पाच बिघडतात. शिवाय दहा हजारांतले हजार-दीड हजार अशा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले बरे.

एक गोष्ट पैशांपेक्षा महत्त्वाची आहे. गिटारीच्या तारा एका वायरने ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते ती त्यामुळेच. पण सांगाड्यात बिघाडाने वीज उतरली आणि अर्थिंग नसेल, तर ती थेट वादकाच्या हातात येते. त्यामुळे विजेवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरची तिसरी पिन कापून तो दोन भोकांच्या सॉकेटला कधीही जोडू नये. स्नेहसंमेलनाच्या मांडवात हे शिक्षकांनी स्वतः पाहावे. घरी सरावासाठी बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायर पुरतो, आणि वीज गेली तरी तो वाजतो.

राहता राहिला खानदेशचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कोरड्या हवेत मानेचे लाकूड आकसते, धातूचे पडदे आकसत नाहीत आणि त्यांची टोके कडेला बाहेर येऊन हाताला बोचतात. भाच्याने गिटार पत्र्याच्या खोलीतून आजीच्या जाड भिंतीच्या माजघरात हलवली आहे. आजीची हरकत आहे ती फक्त दुपारच्या वेळेला.