वृद्धाश्रमांतलें माणूस आणि घरचीं माणसें

मुंबईच्या उपनगरांत 'नर्सिंग होम' म्हटलें कीं दहा-वीस खाटांचें खाजगी इस्पितळ डोळ्यांपुढें येतें. विलायतेंत हाच शब्द अंथरुणास खिळलेल्या वृद्धांच्या कायमच्या निवासाला लावतात. आपल्याकडे त्यासाठीं 'वृद्धाश्रम' हा शब्द आहे; आणि तो उच्चारतांना घरचीं माणसें आवाज खालीं आणतात. श्रोतेहो, आज मी बोलणार आहें तें या घरच्या माणसांविषयीं.

घाटकोपरच्या दोन खोल्यांत अर्धांगवायूनें पडलेले वडील आहेत असें समजा. पाठीस शय्याव्रण होऊं नयेत म्हणून त्यांना सुमारें दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें लागतें, रात्रींसुद्धां. मुलगा व सून दोघेंही नोकरीला. ठेवलेली बाई बारा तासांनीं आपल्या घरीं जाते. वर्ष-दीड वर्ष असें काढल्यावर जो निर्णय होतो, तो कांहीं एका रात्रींतला नसतो. शेजाऱ्यांना मात्र दिसते ती फक्त दाराशीं उभी राहिलेली गाडी.

मग जागेचा शोध. अंधेरीस महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या ख्रिस्ती संन्यासिनींचें गरीब वृद्धांसाठीं घर आहे. १८३९ सालीं फ्रान्समध्यें झान ज्युगान नांवाच्या बाईनें एका आंधळ्या म्हातारीस घरीं आणून आपलें स्वतःचें अंथरूण दिलें, तेथून या संघाचा उगम झाला. पण शहरांत अशीं घरें थोडीं. कित्येक आश्रम स्वस्त जमिनीच्या शोधांत बदलापूर, कर्जत, पनवेलच्या बाजूला गेलेले. बोरिवलीहून तेथें जावयाचें तें रविवारीं, आणि मेगाब्लॉकही रविवारींच!

२००७ च्या कायद्यानें आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली आहे. वृद्धास टाकून देणारास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. भेटीला जाण्याबद्दल त्यांत अवाक्षर नाहीं. चीननें २०१३ मध्यें तेंही कायद्यांत घातलें. माझ्या मतें भेट कायद्यानें घडवून विशेष उपयोग नाहीं. ती कशी घ्यावी हेंच पुष्कळांना ठाऊक नसतें.

सेविकेला आपलें माणूस नवें असतें. वडील चहा बशींतून पितात, डाव्या कानानें त्यांना ऐकूं येत नाहीं, रात्रीं दिवा लागतो, हें सारें लिहून द्यावें. भेटींत टांचा व माकडहाडाची जागा पाहावी. दाबूनही न जाणारा तांबूस वा काळसर डाग ही व्रणाची पहिली खूण होय. आईस स्मृतिभ्रंश झाला असेल तर "मी कोण, सांग पाहूं?" अशी परीक्षा घेऊं नये. "आई, मी धाकटा आलों," असें आपणच सांगावें.

आणि निघतांना ती म्हणते, "मला घरीं ने." हें वाक्य ऐकल्यावर कित्येक मुलगे पुढच्या रविवारीं यावयाचें टाळतात. पण मुलुंडच्या ज्या घरांतून ती आली, तेंच तिच्या मनांत असेल असें नाहीं. या रोगांत अलीकडच्या आठवणी आधीं जातात, जुन्या मागें राहतात; ती बोलते तें घर पुष्कळदां तिचें माहेर असतें. "त्या घरीं विहीर होती ना, आई?" असें विचारून पाहावें. मग गाडीची वेळ होईपर्यंत ती सांगत राहते, कोण पाणी शेंदी, आणि कोणत्या झाडाखालीं रहाट होता.