ड्रोनचे डोळे

ड्रोन ‘आपोआप’ उडतो म्हटलं की बहुतेकांना जीपीएस आठवतं. पण जीपीएस फक्त आपली जागा सांगतं. समोर झाडाची फांदी आहे हे त्याला कुठून कळणार? 2019 साली आलेला स्कायडिओ 2 हा ड्रोन बघा. त्याच्या अंगावर वर तीन, खाली तीन असे सहा कॅमेरे केवळ वाट शोधण्यासाठी आहेत. चित्रीकरणाचा कॅमेरा वेगळा. एकच वस्तू दोन कॅमेऱ्यांना किंचित वेगळ्या जागी दिसते, त्या फरकावरून अंतर निघतं आणि ड्रोनमधलाच संगणक भोवतालचा त्रिमित नकाशा उडता उडता सतत नवा करत राहतो. (आपले दोन डोळे हेच करतात, फुकटात!) म्हणजे खरी करामत पंख्यांची नाही, बघण्याची आहे.

मग विजेच्या तारेत तो का अडकतो, असं कुणी विचारेल. आक्षेप रास्त आहे, पण तो माझंच म्हणणं पक्कं करतो. बारीक तार, काच, अंधार इथे कॅमेऱ्याला धरायला खूणच मिळत नाही. दिसेनासं झालं की त्याची अक्कलही थांबते. ‘त्यापेक्षा कसलेला पायलट बरा’ हे मोकळ्या मैदानात पटतं. दाट झाडीतून सायकलस्वाराच्या मागे जाताना मात्र पायलटसमोर पडद्यावर एकाच दिशेचं चित्र असतं. बाजूची फांदी त्याला दिसतच नाही.