आशियाच्या नकाशावर, युरोपच्या गटात
इस्रायलचे वार्तापत्र

आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत ज्या संघांना थेट प्रवेश मिळत नाही, पण जे आपल्या गटात वरच्या क्रमांकांवर राहिलेले असतात, त्यांच्यात उरलेल्या जागांसाठी होणाऱ्या सामन्यांना प्ले-ऑफ म्हणतात. इस्रायल हा देश समजून घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकाला या सामन्यांचा इतिहास बरेच काही सांगून जातो. सारिका काळे यांच्यासारखी खेळाडू जिथून भारताच्या खो-खो संघाच्या कर्णधारपदापर्यंत पोहोचली, त्या धाराशिव जिल्ह्यात बाद सामना म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मात्र फुटबॉलच्या प्ले-ऑफमध्ये बहुधा दोन सामने होत आले, एक स्वतःच्या मैदानावर आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या, आणि दोन्हींतील गोलांची बेरीज करून निकाल ठरवला जाई. प्रत्येक देश दुसऱ्याच्या घरी जाईल आणि त्याला आपल्या घरी येऊ देईल, हे या पद्धतीचे मूळ गृहीत असून इस्रायलच्या बाबतीत तेच टिकत नाही.

१९४८ साली स्थापन झालेल्या या देशाची फुटबॉलमधील जागा भूगोलाप्रमाणे आशियात होती, परंतु अरब-इस्रायल संघर्षामुळे अनेक शेजारी त्याच्याशी खेळण्यास तयार नव्हते. १९५८ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत तुर्कस्तान, इंडोनेशिया, इजिप्त आणि सुदान यांनी वेगवेगळ्या कारणांनी माघार घेतली आणि इस्रायल एकही सामना न खेळता अंतिम स्पर्धेच्या दाराशी येऊन उभा राहिला. भारतालाही १९५० च्या विश्वचषकात अशीच, प्रतिस्पर्ध्यांच्या माघारीमुळे, जागा मिळाली होती, जरी भारतीय संघ ब्राझीलला गेला नाही. मात्र १९५८ च्या वेळी यजमान आणि गतविजेता वगळता कोणीही न खेळता पात्र ठरू नये असा ‘फिफा’चा, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाचा, दंडक होता; त्यामुळे गटात दुसऱ्या आलेल्या संघांतून चिठ्ठी काढण्यात आली आणि वेल्सचे नाव निघाले. वेल्सने रामत गान आणि कार्डिफ येथील दोन्ही सामने २–० असे जिंकले. वेल्सचे व्यवस्थापक जिमी मर्फी हे मँचेस्टर युनायटेडचेही सहायक व्यवस्थापक होते; ५ फेब्रुवारी १९५८ च्या कार्डिफमधील सामन्यामुळे ते आपल्या क्लबबरोबर बेलग्रेडला गेले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी त्या संघाचे परतीचे विमान म्युनिकला कोसळले.

फिफाचा दंडक न्याय्यच होता, कारण मैदानावर मिळवलेली जागाच खेळाडूला खरी वाटते. तरीही ज्याच्याशी कोणी खेळत नाही त्यालाच पात्रता पुन्हा सिद्ध करायला लावण्यातली वेदना नाकारता येत नाही. या वेदनेचे दुसरे रूप इस्रायलमधील मराठी भाषक समाजाला ठाऊक आहे. कोकणातून येऊन दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा गावांत वसलेल्या बेने इस्रायल ज्यूंना देशात येण्याचा हक्क होता, पण विवाहाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी करावी असा आदेश मुख्य धर्मपीठाने काढला आणि त्याविरुद्ध त्यांना जेरुसलेममध्ये आंदोलन करावे लागले. ते पूर्ण ज्यू आहेत, हे १९६४ साली संसदेने निःसंदिग्धपणे मान्य केले. त्याच वर्षी इस्रायलमध्ये भरलेल्या आशिया चषकात यजमान विजेते आणि भारत उपविजेता ठरला; त्या स्पर्धेत भारताने एवढी मजल नंतर कधी मारली नाही.

डिसेंबर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध १–० आणि १–१ अशा निकालांनी इस्रायलने मेक्सिकोतील विश्वचषक गाठला, आणि पुरुषांच्या विश्वचषकातील त्याचा तोच एकमेव सहभाग ठरला. १९७४ मध्ये आशियाई महासंघाने त्याला बाहेर काढल्यावर हा संघ कधी युरोपच्या, कधी ओशनियाच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या, गटात फिरत राहिला. ओशनियाच्या वतीने १९८९ मध्ये कोलंबियाशी झालेल्या प्ले-ऑफमध्ये एका गोलाने त्याची संधी हुकली. १९९४ पासून तो ‘यूएफा’चा, युरोपीय महासंघाचा, पूर्ण सदस्य आहे. तिथेही प्ले-ऑफ त्याला लाभलेले नाहीत: १९९९ मध्ये डेन्मार्कने त्याला दोन सामन्यांत मिळून ८–० असे नमवले आणि २०२० मध्ये स्कॉटलंडने पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले.

युरो २०२४ या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेसाठीची प्ले-ऑफ उपांत्य लढत एकाच सामन्याची होती आणि यजमानपद इस्रायलचे होते. परंतु ऑक्टोबर २०२३ मधील हमासचा हल्ला आणि त्यानंतरचे गाझातील युद्ध यांमुळे हा ‘घरचा’ सामना २१ मार्च २०२४ रोजी बुडापेस्टमध्ये खेळवावा लागला. इस्रायलच्या एरान झहावीने पेनल्टीवर गोल करून आघाडी मिळवून दिली, पण नंतरची दुसरी पेनल्टी त्याच्याकडून वाया गेली आणि आल्बर्ट गुडमुंडसनच्या तीन गोलांच्या बळावर आइसलँडने सामना ४–१ असा जिंकला.