सव्वा म्हणजे चार!

अखेरच्या दुखण्यात, २००४ साली, आमच्या अण्णांनी वहीत एका पुस्तकाचा दहा आकडी क्रमांक टिपून ठेवला होता. नाव नाही, लेखक नाही. “एवढे आणून दे” म्हणाले. माझ्याकडून राहून गेले. पुढे वही भिजली आणि सातवा आकडा पुसला गेला.

परवा वही कन्येच्या हाती पडली. “बाबा, आकडा सापडेल की!”

मी मराठीचा मास्तर, अपूर्णांकांना जन्मभर भ्यालेला. तिने समजावले: पहिल्या आकड्याला १० ने, दुसऱ्याला ९ ने, असे उतरत गुणून बेरीज केली, की तिला ११ ने निःशेष भाग जातो. सातव्याचा गुणक ४. बाकीच्यांच्या बेरजेतून शेष उरले ६. म्हणजे आकड्याच्या चौपटीने आणखी ५ भरायचे. पाच भागिले चार, सव्वा!

“सव्वा हा काय आकडा झाला?”

“अकराच्या राज्यात पाव म्हणजे तीन. चार त्रिक बारा, अकरा गेले, राहिला एक. असे पाच पाव म्हणजे पंधरा; अकरा गेले, राहिले चार!”

ताळा केला. चार चोक सोळा नि सहा, बावीस. जमले! अकराऐवजी दहा असते तर पाव मिळालाच नसता; चाराच्या पाढ्यात शेवटी एक कधी येतो का?

वाचकहो, ११५० सालच्या ‘लीलावती’तला कुट्टक तो हाच: भाज्य ४, क्षेपक ६, हार ११. त्यातले श्लोक मला पाठ होते, हिशेब कधी केला नव्हता.

क्रमांकावरून पुस्तक कळले: बाजाची पेटी शिकण्याचे. आमच्या घरी पेटी नव्हती. अण्णांना गुणगुणतानाही मी कधी ऐकले नाही.